इंजेक्शन बदलून बायोसिमिलर घेताना: आमवाताच्या रुग्णांसाठी माहिती

आमवातासाठी तुम्ही अ‍ॅडालिमुमॅबचे इंजेक्शन घेत आहात आणि या वेळी डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीचे बायोसिमिलर लिहून दिले आहे. "स्वस्त आहे, मग कमी गुणाचे तर नाही ना?" ही शंका स्वाभाविक आहे. आजार आटोक्यात असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेला असा बदल बहुतेक रुग्णांना मानवतो. जास्त नुकसान होते ते डोस चुकल्याने किंवा इंजेक्शन नीट न साठवल्याने.

बायोसिमिलर म्हणजे काय?

पॅरासिटामॉलसारखे साधे औषध रसायनांपासून बनते, त्यामुळे ते हुबेहूब तसेच बनवता येते. अ‍ॅडालिमुमॅब हे मोठे प्रथिन असून जिवंत पेशींमध्ये तयार होते. मूळ कंपनीच्याही दोन बॅचमध्ये सूक्ष्म फरक असतो. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या औषधाला 'तेच' न म्हणता 'समान' म्हणतात. परवानगीपूर्वी त्याची रचना, परिणाम आणि सुरक्षितता मूळ औषधाशी ताडून पाहतात. भारतात यासाठी २०१२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१६ मध्ये ती सुधारली गेली. अ‍ॅडालिमुमॅबचे जगातील पहिले बायोसिमिलर डिसेंबर २०१४ मध्ये भारतातच, अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने बाजारात आणले.

बदलामुळे आजार बळावतो का?

याच गटातील इन्फ्लिक्सिमॅबवर नॉर्वेत 'नॉर-स्विच' हा अभ्यास झाला. त्यात ४८२ रुग्ण होते. ५२ आठवड्यांत आजार बळावण्याचे प्रमाण मूळ औषधावर सुमारे २६ टक्के आणि बायोसिमिलरवर सुमारे ३० टक्के होते. हा फरक आधी ठरवलेल्या मर्यादेत होता. म्हणजे मूळ औषध चालू ठेवूनही काहींचा आजार बळावतोच. काही वेळा नव्या औषधाच्या धास्तीनेही दुखणे वाढल्यासारखे वाटते. ते मनातच ठेवू नका; सांध्यांची सूज आणि ईएसआर, सीआरपी तपासून डॉक्टर खरे कारण शोधतील.

बदलताना काय कराल?

• ब्रँडचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख वहीत लिहा.
• औषध दुकानदाराने परस्पर ब्रँड बदलून दिला, तर आधी डॉक्टरांना विचारा.
• मेथोट्रेक्सेट किंवा इतर गोळ्या स्वतःहून बंद करू नका.
• पेन किंवा सिरिंज वेगळी असल्यास वापरण्याची पद्धत पुन्हा शिकून घ्या.

वाशिमपर्यंत आणताना

अकोल्याहून किंवा नागपूरहून इंजेक्शन घेऊन तुम्ही रिसोड, मानोऱ्याकडे बसने निघता, तेव्हा उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. इंजेक्शन २ ते ८ अंशांत राहायला हवे. बर्फाच्या पिशव्या असलेल्या डब्यात ठेवा, पण बर्फाला थेट टेकू देऊ नका. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये किंवा दारात नको. गोठलेले इंजेक्शन वितळल्यावरही वापरू नका. वीज बराच वेळ गेली असेल, तर वापरण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारा.

डॉक्टरांना कधी कळवाल?

ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा वजन घटणे ही क्षयाची लक्षणे असू शकतात. मूळ असो वा बायोसिमिलर, या औषधांमुळे दबलेला क्षय उफाळू शकतो. अशा वेळी पुढचा डोस घेण्याआधीच डॉक्टरांना दाखवा. इंजेक्शननंतर चेहरा सुजला किंवा धाप लागली, तर तत्काळ रुग्णालयात जा.

पैशांची अडचण आली, तर डोस लांबवण्याऐवजी तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. परवडणारे बायोसिमिलर वेळेवर घेणे हे महागडे औषध मध्येच सोडण्यापेक्षा केव्हाही चांगले.