भिंत नसलेला तुरुंग आणि सांगलीची उडी

तुरुंगपटात दंगल उसळली, कोणी कोटावर चढला, की आपण प्रेक्षक लगेच पळणाऱ्याच्या बाजूला जातो. त्याचा गुन्हा काय होता हेही विसरतो. शांतारामबापूंचा १९५७चा 'दो आँखें बारह हाथ' मात्र उलटी गंमत करतो. सहा खुनी उजाड माळावर शेती करतात, एकदा पळूनही निघतात, पण जेलरचे डोळे आठवून परततात. आणि आपल्याला हायसं वाटतं!

ही कल्पनेची भरारी नव्हती. मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरच्या सूचनेवरून औंधच्या राजांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. कैद्यांनी बायकामुलांसह राहावं, शेती करावी. भिंत नाही. चित्रपट लिहिणारे गदिमा त्याच मुलखातले, माडगुळ्याचे.

आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. त्याच सांगलीत, गणेशदुर्गातल्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ला वसंतदादा पाटील आणि साथीदारांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका ताब्यात घेतल्या आणि तटावरून खाली उड्या टाकल्या. कृष्णेला पूर. मागून गोळीबार. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली.

आता परभणीची गोष्ट सांगतो. १९८३ साल असेल. मी वर्गात प्लेटोचा 'क्रायटो' शिकवत होतो. पहाटे क्रायटो तुरुंगात येतो, पळण्याची सगळी सोय झाली आहे म्हणतो, आणि सॉक्रेटिस नाही म्हणतो. मागच्या बाकावरून एक पोरगं उठलं, "सर, मग दादा चुकले का?" दादा तेव्हा मुख्यमंत्री! राज्यातले सगळे तुरुंग ज्याच्या सरकारचे, तोच तुरुंग फोडून पळालेला. वर्ग हसला. मी म्हणालो, हे अभ्यासक्रमात नाही. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं.

आज मी असं म्हणेन. सॉक्रेटिस सत्तर वर्षं अथेन्समध्ये राहिला. कायदे पटत नसतील तर शहर सोडायची मुभा होती, तरी सोडलं नाही. राहणं हाच त्याचा शब्द. स्वतंत्रपूरचा कैदीही विश्वासाला विश्वास देऊन तिथे जातो, म्हणून त्याचं पळणं म्हणजे शब्द मोडणं. सांगलीच्या पोरांनी इंग्रजाला कसला शब्द दिला होता? आमच्या मराठवाड्यात निजामाच्या तुरुंगात गेलेल्यांनी तरी कुठे दिला होता?

पण त्या पोराने न विचारलेला एक प्रश्न उरतोच. त्या दिवशी पहाऱ्यावरचे शिपाई इंग्रज नव्हते, पोटासाठी चाकरीला लागलेले इथलेच लोक होते. त्यांनी धन्याला शब्द दिला होता. गोळी झाडणाऱ्याने तो पाळला म्हणायचं का? यावर प्रश्नोत्तरांत बोलू, आधी चहा घ्या.