विद्युत्-उद्दीपन, स्नायू आणि वृद्धांचे हृदय : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

स्नायूंना विद्युतप्रवाह देऊन व्यायामाचे फळ मिळविता येईल काय, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. बोलोन्या येथील लुईजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरील आपले प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. फ्रान्समधील द्युशेन यांनी त्वचेवर इलेक्ट्रोड ठेवून एकेक स्नायू स्वतंत्रपणे आकुंचित करण्याची पद्धत सिद्ध केली व १८५५ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या १८६२ च्या ग्रंथातील छायाचित्रांत प्रामुख्याने दिसतो तो चेहऱ्याची संवेदना गमावलेला एक वृद्ध. त्याचे स्नायू हलले. त्यात त्याचे हित मात्र अभिप्रेत नव्हते. वृद्ध पुरुषाच्या हिताचा विचार या इतिहासात फार उशिरा आला, आणि आला तोही हृदयाच्या वाटेने.

त्या वाटेवरील पहिला प्रयत्न धाडसी होता. सतत दिलेल्या कमी वारंवारितेच्या स्पंदांमुळे सशाचा जलद स्नायू मंद स्नायूसारखा वागू लागतो, हे सॅमन्स व व्हर्बोव्हा यांनी १९६९ मध्ये दाखविले होते. असा पालटलेला स्नायू सहसा थकत नाही, हेही पुढे स्पष्ट झाले. मग त्याला हृदयाच्या कामाला का जुंपू नये? पॅरिसमध्ये १९८५ साली कार्पांतिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्या पाठीचा रुंद स्नायू हृदयाभोवती गुंडाळला आणि हृदयाच्या ठोक्याशी मेळ घालून त्याला विद्युत्-स्पंद दिले. या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना बरे वाटे. परंतु हृदयाच्या कार्याची मोजमापे त्या मानाने फारशी सुधारत नसत, आणि अत्यवस्थ रुग्णांना शस्त्रक्रियाच झेपत नसे. विसावे शतक संपेपर्यंत ही पद्धत बहुतांशी मागे पडली. तरीही हा प्रयोग केवळ फसलेला म्हणून बाजूला सारणे प्रस्तुत लेखकास उचित वाटत नाही. स्नायू आणि हृदय यांचा एकत्र विचार त्याने करावयास लावला.

दरम्यान दृष्टी हृदयाकडून पायांकडे वळली. जीर्ण हृद्अकार्यक्षमतेच्या रुग्णास चालवत नाही, याला हृदयाप्रमाणेच पायांचे खंगलेले स्नायूही कारणीभूत असतात. एडिंबरा येथील २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४६ रुग्णांपैकी काहींनी स्थिर सायकल चालविली, तर इतरांच्या मांड्या-पोटऱ्यांना घरीच विद्युत्-उद्दीपन दिले गेले. सहा आठवड्यांनी चालण्याची क्षमता व पायांचे बळ दोन्ही गटांत वाढले.

जर्मनीतील एर्लांगेन येथील संशोधकांनी पुढे संपूर्ण शरीराला उद्दीपन देणारा पोशाख वापरला. त्यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सत्तरीपुढील, स्नायू झिजलेले पण मेद वाढलेले १०० पुरुष होते. कालावधी १६ आठवडे. मेदाचे प्रमाण घटले, हे खरे. मात्र एका गटास उद्दीपन व प्रथिने, दुसऱ्यास केवळ प्रथिने आणि तिसऱ्यास यांपैकी काहीच नाही, अशी रचना होती. निव्वळ उद्दीपनाचा गट नव्हता. म्हणून विजेचे श्रेय किती, हे पहिल्या दोन गटांच्या तुलनेतूनच ताडावे लागते. शिवाय मेद घटणे म्हणजे हृदयविकाराचा झटका टळणे नव्हे.

विक्रेत्यांना एवढा धीर नसतो. पोटाभोवती पट्टा बांधा, व्यायामाची गरज नाही, अशा जाहिरातींविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला २००२ मध्ये न्यायालयात जावे लागले. पहिल्याच सत्रात अतितीव्र प्रवाह दिल्यास स्नायुतंतू फुटून मूत्रपिंडांवर ताण येतो, तोही धोका आहेच. आणि संपूर्ण शरीराच्या उद्दीपनास पेसमेकर हा निषेध मानला जातो. म्हणजे हृदयासाठी ज्यांना हा उपाय हवासा वाटेल, त्यांतील कित्येक वृद्धांना तो वर्ज्यच आहे.