अमोडायाक्विनजन्य यकृतदाह

हिवताप (मलेरिया) होऊ नये म्हणून अमोडायाक्विन हे औषध अनेक आठवडे घेणाऱ्या काही व्यक्तींना होणारी यकृताची इजा. ही विरळा असली तरी प्रसंगी प्राणघातक ठरते.

अमोडायाक्विन हे क्लोरोक्विनच्याच गटातील औषध. ‘कॅमोक्विन’ या नावानेही ते विकले जाई. १९८० च्या दशकात आफ्रिकेत क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम हिवताप पसरला, तेव्हा तिकडे जाणारे युरोपीय प्रवासी प्रतिबंधासाठी ते घेऊ लागले. १९८६ च्या सुमारास त्यांच्यात यकृतदाह व पांढऱ्या रक्तपेशींची तीव्र घट झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. पेशींची घट सुमारे २,००० जणांत एकाला, तर गंभीर यकृतदाह सुमारे १५,००० जणांत एकाला होतो, असा अंदाज आहे.

कारण : शरीरात या औषधापासून क्विनोनइमाइन हे अतिक्रियाशील संयुग बनते. ते यकृतपेशींतील प्रथिनांना चिकटते आणि बदललेल्या प्रथिनांना परके समजून प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर उलटते. त्यामुळेच बरे झालेल्या रुग्णाने औषध पुन्हा घेतल्यास आजार उलटू शकतो.

लक्षणे व उपचार : काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी थकवा, अन्नावरची वासना उडणे, मळमळ, गडद लघवी व कावीळ दिसते. रक्तात एएलटी व एएसटी ही विकरे वाढतात. हिवताप आणि विषाणुजन्य यकृतदाह यांतही कावीळ होत असल्याने निदान चुकण्याचा धोका असतो. खास उतारा नाही. औषध तत्काळ थांबवणे हाच मुख्य उपाय. यकृत निकामी झाल्यास प्रत्यारोपणाची गरज पडू शकते.

सद्यःस्थिती : उपचारासाठी हे औषध आर्टेसुनेटच्या जोडीने तीन दिवस देतात. पश्चिम आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात लहान मुलांना पावसाळ्यात दरमहा तीन दिवस ते सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइनसह दिले जाते. प्रवाशांच्या प्रतिबंधासाठी मात्र ते वापरत नाहीत. भारतात प्रौढांसाठी त्याऐवजी डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन सुचवतात.

प्रतिबंधक गोळी निरोगी माणूस घेतो. म्हणून तिच्या सुरक्षिततेची कसोटी उपचाराच्या औषधाहून कडक असलीच पाहिजे. हिवतापाची कोणतीही प्रतिबंधक गोळी चालू असताना डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर पुढची मात्रा घेण्यापूर्वीच डॉक्टरांना गाठावे आणि गोळीचे नाव आवर्जून सांगावे.