बहुरूपी पेशीचा माग

दिव्यांच्या सणात कर्करोगाचा विषय काढणे काही वाचकांना अप्रशस्त वाटेल. पण दिवाळीलाच घरची सारी माणसे एकत्र येतात, आणि या रोगासंबंधीचे निर्णय आपल्याकडे एकटा रोगी घेत नाही, सारे घर घेते. त्या निर्णयांवर एका जुन्या समजुतीची छाया असते : गाठीला सुरी लावली की ती चवताळते आणि अंगभर पसरते. या भीतीपायी तपासणीसाठी तुकडादेखील काढू न देणारी माणसे माझ्या माहितीत आहेत, वाचकांच्याही असतील. रोग पसरतो तो का आणि कसा, हे कोडे कसकसे उलगडत गेले व त्यात आपल्या मुंबईचा आणि नवी मुंबईचा वाटा कोणता, ही हकीगत म्हणूनच मला सांगावीशी वाटते.

१८८९ साली लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवचिकित्सेच्या नोंदी तपासल्या. रोग रक्ताबरोबर वाहत जाऊन वाटेल तेथे रुजत असता, तर सर्व अवयवांत तो सारखाच दिसावयास हवा होता. पण यकृतात तो पुष्कळ सापडे, प्लीहेत क्वचितच. पॅजेट यांनी अनुमान काढले की, बी चहूकडे पडते, पण रुजते ते मानवेल त्या मातीतच. आपल्या कोणत्याही शेतकऱ्याने या अनुमानाला मान डोलावली असती. मातीचे असे ठरले; पण बी मुळात आपली जागा सोडते कसे, हे कोडे उरलेच.

आपल्याकडे या शोधाची बैठक परळला तयार झाली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी तेथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी प्रथम रोग्यांच्या राहणीकडे पाहिले. धोतराच्या घट्ट गाठीखाली कमरेवर होणारा कर्करोग, तंबाखू-चुना जेथे दाबून धरतात तेथे ओठाच्या आत होणारा कर्करोग, यांची वर्णने त्यांनी व सूर्याबाई यांनी १९४५ साली प्रसिद्ध केली. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले.

रोग उठतो कशाने, हे असे कळू लागले. पुढचे पाऊल जिवंत पेशीकडे टाकावयाचे होते, आणि ते टाकले डॉ. कमल रणदिवे यांनी. पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या या विदुषीने पदव्युत्तर अभ्यास केला तो सीताफळाच्या कुळातील वनस्पतींचा. लग्नानंतर त्या मुंबईस आल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. नंतर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी १९५१ साली शरीराबाहेर अखंड वाढत्या ठेवल्या, ते हेच गाय. परत आल्यावर रणदिवे यांनी मुंबईत देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. काचपात्रात जिवंत पेशी वाढू लागली, तेव्हा तिचे वागणे पाहता येऊ लागले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्याच १९८२ साली बी जागा कसे सोडते, याचा एक महत्त्वाचा धागा अमेरिकेत हाती आला. एलिझाबेथ हे या गर्भविकासाच्या अभ्यासक होत्या. एकमेकींना घट्ट चिकटून राहणाऱ्या पेशी त्यांनी व ग्रीनबर्ग यांनी जेलीसारख्या द्रव्यात ठेवल्या; तो त्या लांबट झाल्या, सुट्या झाल्या आणि चक्क चालू लागल्या. गर्भात अवयव घडताना पेशी हेच करतात. म्हणजे चालण्याची विद्या पेशीला उपजतच असते. मोठेपणी ती मिटवून ठेवलेली असते एवढेच.

ही मिटवामिटव चालते जनुकांच्या द्वारा. आपल्या त्वचेच्या आणि यकृताच्या पेशींत पोथी एकच; पण प्रत्येक पेशी तिच्यातले वेगळे अध्याय वाचते. फळमाशीत सापडलेल्या एका जनुकाला शास्त्रज्ञांनी ‘स्नेल’ म्हणजे गोगलगाय असे नाव दिले होते. पेशींना परस्परांशी सांधणाऱ्या प्रथिनाचे जनुक हाच स्नेल बंद करतो, असे २००० साली स्पेनमधील दोन गटांनी दाखविले. सांधा सुटला की पेशी वाटेला लागते. कर्करोगाचे मूळ जनुकांच्या बिघाडात असते, हे खरे. पण प्रवासाला निघताना पेशीला बहुधा नवे जनुक लागत नाही, जुन्यांचीच उघडझाप पुरते. आणि नव्या जागी पोचल्यावर ती पुन्हा पहिले रूप घेऊ शकते. बहुरूपी आज पोलीस होतो, उद्या रामदासी. आतला माणूस तोच. म्हणूनच तिला औषधाने गाठणे कठीण जाते.

परळची ती संशोधनपरंपरा २००२ साली खारघरच्या डोंगराशेजारी, टाटा स्मारक केंद्राच्या नव्या संकुलात आली. तेथील एका इमारतीचे नाव ‘खानोलकर शोधिका’ असे आहे. डॉ. सोराब दलाल यांच्या गटाने २००८ साली तेथूनच एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. पेशींच्या सांध्यातील प्लाकोफिलिन-३ हे प्रथिन कमी केले, की पेशींची परस्परांवरील पकड ढिली होते, त्या अधिक फिरू लागतात आणि रोगाच्या प्रसाराला चालना मिळते, असे त्यांना आढळले.

आता सुरीकडे वळू. तोंडाचा कर्करोग प्रथम मानेतल्या ग्रंथींत उतरतो. गाठ लहान आहे आणि मान वरवर निर्दोष आहे, अशा रोग्यांवर टाटा रुग्णालयाने एक मोठी चाचणी केली, डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या ग्रंथीही काढल्या त्यांच्यापैकी तीन वर्षांनंतर ८० टक्के जिवंत होते. मान सुजेपर्यंत वाट पाहिली त्यांच्यापैकी ६७.५ टक्के. दर आठ रोग्यांमागे एक जीव वाट पाहण्यात गेला. पेशी सुरीच्या आधीच निघालेली असते, डोळ्यांना दिसत नाही इतकेच. तपासणीच्या तुकड्याने रोग पसरण्याचा धोका जाणत्या हातांत अगदीच नगण्य. उशिराचा धोका मात्र आकड्यांत मोजलेला आहे.

म्हणून मला एवढेच सुचवावयाचे आहे. फराळाला जमलेल्यांत कुणी मिसरी लावणारी आजी असेल, कुणी तंबाखू मळणारा काका असेल. तीन आठवडे न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, पूर्वीसारखे न उघडणारे तोंड, यांतले काही असेल तर भाऊबीज उरकण्याची वाट पाहू नये. डॉक्टरांनी तुकडा काढावयास सांगितले, तर घरच्यांनी आडवे येऊ नये, सोबत जावे.