"पलंगावरून पडला हो, डॉक्टर"

हे वाक्य माझ्या दवाखान्यात नेहमीचं. बहुतेक वेळा खरंही असतं. पण खोटं असेल तेव्हा ओळखायचं कसं, हे कळायला डॉक्टरांनाच फार वर्षं लागली.

१८६० साली पॅरिसच्या आंब्रुआझ तार्द्यू यांनी छळ झालेल्या ३२ मुलांची नोंद छापली. त्यातली १८ दगावलेली. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग थेट १९४६. अमेरिकेतले जॉन कॅफी, एक्स-रे वाचण्यात मुरलेले. सहा लहान मुलं, मेंदूभोवती साकळलेलं रक्त आणि हातापायांच्या हाडांत मिळून २३ फ्रॅक्चर. तरी आईबापांकडे स्पष्ट बोट दाखवणं त्यांनी टाळलं. मला त्यांचा राग येत नाही. समोर बसलेल्या आईला हा प्रश्न विचारताना जीभ जड होते, ते मी अनुभवलंय.

१९६२ मध्ये डेन्व्हरच्या हेन्री केम्प यांनी ७१ हॉस्पिटलांतून ३०२ अशी मुलं मोजली, ३३ मेलेली. मारलेल्या मुलाच्या या दुखण्याला त्यांनी नावच दिलं, आणि पाचेक वर्षांत तिथल्या सगळ्या राज्यांत कळवण्याचे कायदे झाले.

आपल्याकडे २०१२ च्या पोक्सोनुसार लैंगिक अत्याचार कळला की पोलिसांना सांगणं सक्तीचं आहे, डॉक्टरलाही. गप्प बसलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद.

रांगतही नसलेल्या बाळाची मांडी मोडली, किंवा आई एक सांगते नि बाप दुसरंच, की मी दोघांचे शब्द केसपेपरवर जसेच्या तसे उतरवतो. मग १०९८ फिरवतो.