आउटबोर्ड मोटर : बिघाडनिदान व पुनर्बांधणी

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून जोडलेले, एंजिन, गिअर व पंखा एकाच उभ्या सांगाड्यात असलेले यंत्र. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत त्याची विक्री सुरू केली. कोकणातील लहान मासेमारी होड्यांवरही ते वापरतात.

बिघाडाचे निदान मोटर खोलण्याआधीच सुरू होते. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजतात. त्यांत १० ते १५ टक्क्यांहून अधिक फरक आढळल्यास रिंगा, पिस्टन किंवा हेड गॅस्केट संशयास्पद ठरते. स्पार्क प्लगवर ॲल्युमिनियमचे कण दिसणे म्हणजे पिस्टन वितळू लागला आहे. गिअरचे तेल दुधाळ झाले असेल, तर सीलमधून पाणी शिरले आहे.

टू-स्ट्रोक मोटरीत वंगण पेट्रोलबरोबरच येते. त्यामुळे कार्बोरेटरचे जेट तुंबले की इंधनासोबत तेलही कमी पडते आणि पिस्टन सिलिंडरला चिकटतो. शीतक पंपाचा रबरी इम्पेलर झिजल्यास किंवा जलमार्गात मीठ साचल्यासही तेच घडते. हे मूळ कारण न शोधता केवळ पिस्टन बदलणे हा दुरुस्तीतील सर्वांत महागडा प्रमाद होय. नवा पिस्टनही तसाच जळतो.

पुनर्बांधणीत ओरखडलेला सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. बेअरिंगे तपासतात, सील, गॅस्केट व इम्पेलर नवे घालतात. हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने आवळतात. सुरुवातीचे काही तास मोटर कमी भारावर, वेग बदलत चालवतात.