कल्हई आणि लेकरांचे यकृत

वऱ्हाडातील जुन्या माणसांना कल्हईवाल्याची आरोळी आठवत असेल. तो गावात येई, निंबाच्या सावलीत खड्डा खणून भाता लावी आणि घराघरांतून गंज, पातेली, पराती, गुंड बाहेर पडत. तापल्या भांड्यावर नवसागराची पूड पडे, पांढरा धूर उठे, कथील वितळे आणि कापसाच्या बोळ्याने भांडे आतून चांदीसारखे उजळे. आम्ही मुले हा सारा खेळ म्हणून पाहत असू. कल्हई कशासाठी, असे विचारले तर ‘नाहीतर ताक कळकते’ एवढेच उत्तर मिळे. ह्या उत्तरात एका मोठ्या प्रश्नाची निम्मी उकल होती. उरलेली निम्मी हाती येण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली आणि तेवढ्या काळात असंख्य लेकरे गेली.

१८८७ साली कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्याला ‘भारतीय बालयकृत्-काठिण्य’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव मिळाले. घरोघरी मात्र ‘लिव्हर’ एवढाच शब्द पुरे होई. मूल सहा महिन्यांचे ते तीन वर्षांचे असावयाचे. ते चिडचिडे होई, दूध टाकी, बारीक ताप येई, पोट पुढे येई. हाताला लागणारे यकृत दगडासारखे कठीण असे. मग कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत शेवट. एक मूल गेलेल्या घरात दुसरेही त्याच वाटेने जाताना दिसे. अशा घरातील मायला लोक काय काय बोलत असतील, हे सांगावयास नको. कोणी दृष्ट म्हणे, कोणी नशीब म्हणे, कोणी तिच्या दुधालाच दोष देई.

डॉक्टरांचेही तर्क अनेक होते. कोणी कुपोषण म्हटले, कोणी विषाणू, कोणी आनुवंशिकता. परंतु हा रोग अगदी दरिद्री घरांपेक्षा मध्यम स्थितीच्या, विशेषतः खेड्यांतील घरांत अधिक दिसे. तेव्हा केवळ उपासमारीने त्याचा उलगडा होत नव्हता. १९७८ च्या सुमारास ह्या मुलांच्या यकृताचे तुकडे विशिष्ट रंगाने रंगवून पाहिले गेले आणि त्यांत तांब्याचा साठा असल्याची खूण सापडली. निरोगी यकृताच्या एका ग्रॅम कोरड्या भागात तांबे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. ह्या मुलांत ते शेकड्यांनी, कधी हजारांनी भरे.

एवढे तांबे आले कोठून? ह्याचा माग पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी काढला. १९८३ साली त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. आजारी मुलांना वरचे दूध फार लवकर सुरू झालेले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापविले व ठेवले जात होते. गाईम्हशीच्या दुधात मुळात तांबे थोडेच. पण बिनकल्हईच्या भांड्यात ते तापले की भांड्यातील तांबे दुधात उतरते आणि दुधातील प्रथिनाला चिकटून राहते. नवजात बाळाच्या यकृतात आधीच तांब्याचा साठा असतो आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची शक्ती अजून पुरती आलेली नसते. मोठा माणूस जे पचवितो, ते बाळाला विष होते. १९८७ साली आजारी व निरोगी मुलांच्या खाण्यापिण्याची तुलना प्रसिद्ध झाली, तीही हेच सांगत होती.

आक्षेप आले, आणि ते यावयासच हवेत. तेच दूध पिऊन दुसरी मुले का वाचली? येथे जन्मजात प्रवृत्तीचा भाग असावा, असे पुष्कळांना वाटते. १९९६ साली ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताची हकीकत पुढे आली. तेथे १९०० ते १९७४ च्या दरम्यान १३८ बालके अशाच विकाराने गेली होती. तेथेही बिनकल्हईची तांब्याची भांडी आणि वरचे दूध हाच योग होता, जोडीला घराण्यात चालत आलेला दोष होता. भांडी बदलली आणि रोग संपला. आपल्याकडेही तसेच घडले. पुणे जिल्ह्यात आयांना सांगण्यात आले की बाळाला अंगावर पाजा आणि वरचे दूध द्यावेच लागले तर पितळेत तापवू नका. त्याच काळात स्टीलही घरोघरी आले. १९९० नंतर हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. लवकर निदान झालेल्या काही मुलांना तांबे बाहेर काढणाऱ्या पेनिसिलॅमीन ह्या औषधाने वाचविताही आले. पण खरा विजय औषधाचा नव्हे, चुलीवरच्या भांड्याचा.

आता आपल्याकडे वळू. पितळी भांड्यांसाठी भंडारा प्रसिद्ध, आणि अमरावती-अकोल्याच्या घरांतही मांडणीवर पितळच चमकत असे. आज ते माळ्यावरून पुन्हा खाली येत आहे. जुने ते आरोग्याचे, अशी समजूत पसरली आहे. पितळेचा आम्हांस द्वेष नाही. पण बाळाचे दूध त्यात तापवू नये, आणि इतर स्वयंपाकासाठी कल्हई हवीच. ती शुद्ध कथलाची हवी. स्वस्तात पडावे म्हणून कथलात शिसे मिसळले तर एक विष टाळून दुसरे घरात येते.

शिशाचा प्रश्न तर अजून संपलेला नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली. तरीही २०२० साली युनिसेफने जगातील तीनपैकी एका मुलाच्या रक्तात धोक्याइतके शिसे असल्याचा अंदाज दिला. शिसे बुद्धीची व शरीराची वाढ खुंटविते, आणि ज्याच्या अन्नात लोह व चुना कमी, ते मूल शिसे अधिक शोषून घेते. मेळघाटच्या कुपोषणाची चिंता करणाऱ्या जिल्ह्याने एवढे ध्यानात ठेवावे की उपाशी पोट विषालाही लवकर वाट देते.

‘कळकते’ हा शब्द आपल्या आज्यांना ठाऊक होता. ताकाचे त्यांनी ओळखले, कारण ते जिभेला कळे. दुधाचे जिभेला कळले नाही. म्हणून जे जिभेला कळत नाही ते तपासून पाहणे, हे आता आपल्या पिढीकडे आले आहे.